काशी किती लांब आहे?

मुंबई ते वाराणसी हे हवाई अंतर साधारण 1,250 किलोमीटर भरते आणि थेट विमान सव्वादोन तासांच्या आसपास बाबतपूरच्या विमानतळावर उतरते. कामासाठी जाणाऱ्याला एवढी माहिती पुरते. पण त्याच विमानात पुष्कळ मंडळी वाराणसीला नव्हे, काशीला निघालेली असतात. ‘काशीस जावे, नित्य वदावे’ ही म्हण ऐकतच त्यांच्या घरच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. जिथे जायचे म्हणून माणसे वर्षानुवर्षे नुसते बोलत राहायची, निघण्यापूर्वी घरादाराची निरवानिरव करायची आणि सुखरूप परतल्यावर मावंदे घालायची, ती जागा आता सकाळी घर सोडून दुपारच्या जेवणापर्यंत गाठता येते. यातून एक खराखुरा धार्मिक प्रश्न उभा राहतो. अंतर इतके आटल्यावर यात्रा ही यात्रा राहते का? मला वाटते, विमानात बसल्याने कोणाचे पुण्य बुडत नाही. बुडतो तो वाटेशी येणारा संबंध, आणि यात्रेचे फळ बऱ्याच अंशी त्या संबंधातच साठलेले होते. म्हणून ज्याने वाट टाळली त्याच्यावर तो संबंध दुसरीकडे कुठेतरी जोडण्याची जबाबदारी येते. ही जबाबदारी कशी येते आणि ती कशी पार पाडता येईल, याचा विचार इथे करायचा आहे.

आधी अंतर म्हणून आपण काय मोजतो ते पाहू. 1,250 हा आकडा पृथ्वीच्या गोलाईवरून ओढलेल्या सर्वांत आखूड रेषेचा आहे. त्या रेषेवरून कोणी चालत गेले नाही आणि विमानही तंतोतंत तिच्यावरून उडत नाही. आगगाडीला तेच गाव सुमारे 1,500 किलोमीटरवर आहे, कारण तिला कसाऱ्याचा घाट चढून भुसावळ, खंडवा, इटारसी, जबलपूर, सतना, प्रयागराज अशी वाट धरावी लागते; एक अख्खा दिवस आणि वर काही तास त्यात जातात. विमान ताशी 800 किलोमीटरहून अधिक वेगाने जाते, त्या हिशेबाने त्याला दीड तास पुरायला हवा. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत सरकण्यात, चढण्यात आणि उतरण्यात खर्च होतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर खूप उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते जाताना विमानाला पुढे ढकलतात आणि येताना अडवतात. त्यामुळे त्या दिवसांत घड्याळापुरते बोलायचे तर काशीहून मुंबई ही मुंबईहून काशीपेक्षा लांब पडते. त्याच दोन गावांमधली ही इतकी अंतरे, आणि त्यांतले एकही खोटे नाही. प्रत्येक आकडा जाणाऱ्याच्या साधनाला धरून खरा आहे. याचा अर्थ अंतर नुसते दोन गावांच्या मध्ये पडून राहिलेले नसते. जाणारा आणि त्याची जाण्याची रीत त्यात मिसळलेली असते.

आपल्याकडच्या तत्त्वचिंतकांनी ही गोष्ट फार पूर्वी हेरली होती. वैशेषिकांनी जे चोवीस गुण मानले त्यांत परत्व आणि अपरत्व, म्हणजे दूरपणा आणि जवळपणा, यांना स्वतंत्र जागा दिली. हा दूरपणा कळतो कसा, याची चर्चा सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांच्या न्यायसिद्धान्तमुक्तावलीत येते, आणि तिथे दिलेले उदाहरण नेमके काशीचेच आहे: पाटलिपुत्राहून पाहिले तर प्रयाग काशीपेक्षा दूर आणि कुरुक्षेत्रापेक्षा जवळ. म्हणजे प्रयाग मुळात दूरही नाही आणि जवळही नाही. पाहणारा कुठे उभा आहे आणि तो कशाशी तुलना करतो आहे, यावर ते ठरते. ही तुलना करणाऱ्या बुद्धीला त्यांनी अपेक्षाबुद्धी म्हटले. आणि तुलना कशाची, तर मध्ये येणाऱ्या मूर्त वस्तूंच्या संयोगांची. संयोग जास्त ते दूर, संयोग कमी ते जवळ. ग्रंथकारांचा रोख दूरपणाचे ज्ञान कसे होते एवढ्यापुरता आहे, यात्रेचा विचार त्यांच्यापुढे नाही. पण त्यांनी दिलेले माप यात्रेला लावून पाहण्यासारखे आहे, कारण किलोमीटर आणि तास या दोन्ही मापांतून जे निसटते ते यात सापडते. दोन गावांमध्ये जे जे आहे त्यातल्या किती गोष्टींशी आपला संयोग झाला, हेही अंतराचे एक माप आहे, आणि यात्रेकरूच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे आहे.

या मापाने मुंबई-काशी अंतर किती मोठे आहे ते पाहावे. सह्याद्री ओलांडला की खानदेशात अहिराणी कानी पडते. तापी मागे टाकून पुढे गेले की निमाडी, नर्मदेपलीकडे चढत गेले की बुंदेली, मग रीवा-सतन्याकडे बघेली आणि काशीच्या वेशीवर भोजपुरी. कोणत्याही एका गावात उभे राहून ‘इथे ही भाषा संपली आणि ती सुरू झाली’ असे सांगता येत नाही. चालणाऱ्याच्या कानावर ती रोज थोडी थोडी बदलत जाते. भाकरीचे पीठ बदलते, विहिरीच्या पाण्याची चव बदलते, देवाला हाक मारायचे नाव बदलते. काशीला पोहोचेपर्यंत यात्रेकरूला परके असे फारसे काही उरत नसे, कारण परकेपणा त्याने वाटेतच पचवलेला असे. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई 1735 मध्ये काशीयात्रेला निघाल्या आणि दुसऱ्या वर्षी परतल्या. त्यांची वाट उदयपूर-जयपूरवरून गेली, आणि राजपूत दरबारांनी त्यांचा जो मानपान केला त्याची नोंद इतिहासाला घ्यावी लागली. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून निघाले, महूजवळ बंडाची बातमी त्यांच्या कानी आली, आणि पुढची दोन वर्षांहून अधिक काळाची वाटचाल झाशीच्या वेढ्यातून, लुटीतून आणि उपासमारीतून झाली. घरी परतताना त्यांच्यापाशी गंगेच्या पाण्याची कावड होती. चिंतामण विनायक वैद्यांनी 1907 मध्ये छापलेला त्यांचा ‘माझा प्रवास’ आपण आजही वाचतो तो काशीच्या वर्णनासाठी नव्हे, वाटेवर जे घडले त्यासाठी.

आता धर्मशास्त्राकडे वळू. वाहनाने तीर्थाला जाण्याबद्दल जुन्या ग्रंथांचे मत कडक आहे, हे मान्य केले पाहिजे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेवरची वचने गोळा केली आहेत. मत्स्यपुराण प्रयागमाहात्म्यात सांगते की ऐश्वर्याने, लोभाने किंवा मोहाने जो वाहनात बसून जातो त्याची यात्रा निष्फळ होते. निबंधकारांनी तर चक्क हिशेब मांडला आहे: वाहनाने अर्धे फळ जाते, छत्री आणि पादत्राणे यांनी त्याच्या निम्मे, व्यापार केला तर तीन हिस्से, आणि प्रतिग्रह म्हणजे दान घेतले तर सगळेच. हा हिशेब शब्दशः धरला तर गोडसे भटजींच्या पदरात काहीही पडू नये, कारण ते निघालेच दक्षिणेसाठी. आणि राधाबाईंसारख्या थोरामोठ्यांचे प्रवास पालख्या-मेण्यांतून होत, म्हणजे त्यांचेही निम्मे फळ गेले. पण ‘माझा प्रवास’ वाचून मिटताना ती यात्रा वाया गेली असे कोणाच्याही मनात येत नाही. तेव्हा हिशेबातल्या अपूर्णांकांपेक्षा त्याचे सूत्र शोधावे. वाहन, छत्री, पादत्राणे, व्यापार, दान या पाच गोष्टींत सारखे काय आहे? छत्री ऊन आणि डोके यांच्यामध्ये येते. वहाण माती आणि पाऊल यांच्यामध्ये येते. वाहन वाट आणि माणूस यांच्यामध्ये येते. व्यापारात समोरचा माणूस गिऱ्हाईक होतो आणि प्रतिग्रहात दाता होतो. त्याच्याशी आपला संबंध लाभापुरता उरतो. पाचही गोष्टी संयोगात अडथळा आणतात, आणि लाभाचा अडथळा चामड्याच्या अडथळ्यापेक्षा मोठा मानला आहे. शास्त्राचा कटाक्ष सुखावर नाही, तुटकपणावर आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सूत्र मी सोयीने काढले. परंपरेला कष्टच अभिप्रेत होते, देह झिजवणे हेच तप. या आक्षेपात तथ्य असते तर सर्वांत जास्त हाल झालेला यात्रेकरू सर्वांत मोठा पुण्यवान ठरला असता. महाभारताच्या वनपर्वात पुलस्त्यांच्या तोंडी जे तीर्थयात्रेचे विवेचन आहे ते असे म्हणत नाही. तिथे फळ सांगितले आहे ते ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहेत त्याला. जो दान घेत नाही, अहंकार करत नाही त्याला. आणि यात्रेची थोरवी कशात, तर यज्ञाला द्रव्य लागते, साहित्य लागते, तो दरिद्री माणसाच्या आवाक्यातला नाही. तीर्थाला मात्र कोणीही जाऊ शकतो. ज्या ग्रंथाने यात्रेचे दार गरिबांसाठी उघडले त्याला माणसांनी वाटेत पटकीने मरावे असे वाटत होते, हे मला पटत नाही. जुन्या यात्रेत माणसे मरत, लुटली जात, मागे राहिलेल्या घराला वर्षभर खबर मिळत नसे. हे हाल कोणीही पुन्हा मागू नयेत. गुडघे गेलेल्या आजीला तिचा मुलगा विमानाने काशीला नेतो तेव्हा तिच्या फळातले अर्धे कापून घेणारा धर्म मला ओळखीचा वाटत नाही. मत्स्यपुराणानेही वाहनाच्या दोषाला कारणे जोडली आहेत, आणि त्यांत अशक्तपणा नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. जुन्या वाटेवरच्या ज्या संयोगांचे मी गुणगान करतो ते सर्वांना सारखे मिळत नव्हते. त्या वाटेवरचे पाणवठे, धर्मशाळा आणि अन्नछत्रे जात विचारत होती. कितीतरी माणसांना वाटेवरचा प्रत्येक मुक्काम म्हणजे दूर ठेवले जाण्याचा नवा अनुभव होता, आणि विधवेला तर घराचा उंबरठा ओलांडण्यापासूनच अडचण. त्यांच्यासाठी आगगाडी आणि विमान ही सुटका होती. शेजारच्या आसनावर कोण बसले आहे हे विचारायची सोय तिथे नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. 1870 मध्ये मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग जबलपूरला जोडले गेले, त्या दिवशी काशी अनेकांच्या पहिल्यांदा आवाक्यात आली, आणि ती धर्माच्या इतिहासातली चांगली घटना आहे. पण यातून माझा मुद्दा मोडत नाही, उलट तो नेमका होतो. जुन्या वाटेचा दोष असा की तिथे संयोग अर्धवट होता. माणसे एकाच वाटेने चालूनही एकमेकांना शिवत नव्हती. नव्या वाटेचा दोष असा की तिथे माणसे खांद्याला खांदा लावून बसतात आणि दोन तासांत एकमेकांचे नावही विचारत नाहीत. भेद गेला ही मोठी मिळकत, पण भेद गेल्यावर भेट व्हायला हवी होती. ती करायला आता शास्त्राची आडकाठी नाही, मग अडते कुठे?

तिसरा आक्षेप संतांच्या बाजूने येतो. देव सगळीकडे आहे, मन शुद्ध असेल तर काशी घरीच आहे, मग लांब-जवळ हा वादच कशाला? खुद्द काशीत राहणाऱ्या रविदासांच्या कथेत गंगा त्यांच्या कातडे भिजवायच्या काथवटीत प्रकट होते. आपल्याकडे पैठणला, वाईला, कोल्हापूरला दक्षिण काशी म्हणतात. कावडीतले गंगोदक रामेश्वराला न पोहोचवता तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजणाऱ्या एकनाथांची कथा तर घरोघर सांगितली जाते. हा आक्षेप खरा असला तरी तो काय सांगतो ते नीट ऐकावे. एकनाथांच्या कथेत नाथ कावड खांद्यावर घेऊन चालत होते, म्हणूनच ते गाढव त्यांच्या वाटेत आले. देव सगळीकडे आहे हे सत्य नुसते मान्य करून कोणाला भेटत नाही. ते कुठल्यातरी वाटेवर, कुठल्यातरी तहानलेल्या जिवाच्या रूपाने समोर यावे लागते. यात्रा ही त्या भेटीसाठी माणसाने स्वतःला मोकळे ठेवण्याची रीत आहे. रविदासांनी काशी नाकारली नाही. रोज दाराशी येणाऱ्याची वहाण शिवताना त्यांचा माणसांशी जो संयोग होत होता, त्यात त्यांची यात्रा चालूच होती. ज्याचे रोजचे जगणे असे असेल त्याला काशीला न जाण्याचा पूर्ण अधिकार आहे. उरलेल्या आपल्यासारख्यांना वाट लागते.

वाहन दारात उभे असताना वाट राखून ठेवता येते, याचा पुरावा महाराष्ट्राजवळ दरवर्षी चालत येतो. आळंदी ते पंढरपूर हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे; गाडीने पाच-सहा तासांचे काम. तरी ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोहोचते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजचे रूप दिले, तेव्हा चालणे ही गरज होती. आज ती निवड आहे. लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर ही नावे वारकऱ्याच्या तोंडी मुक्कामाच्या क्रमाने येतात, कारण तिथल्या कोणत्या घरी पाणी मिळते, कोण पाय चेपून देतो, कोण भाकरीचे टोपले घेऊन उभा असतो हे त्याला माहीत असते. याच वारीत एसटीने थेट पंढरपूर गाठणारेही असतात, आणि तुमचे दर्शन कमी प्रतीचे असे त्यांना कोणी म्हणत नाही. दर्शन सर्वांचे सारखेच, पण अठरा-एकोणीस दिवस चाललेल्याला विठ्ठलाच्या जोडीने एक आख्खा मुलूख भेटलेला असतो. वारीने वेगाशी भांडण मांडले नाही; फक्त हे अंतर वेगाच्या हवाली केले नाही.

मुंबई-काशी ही वाट अशी चालत राखणे आज बहुतेकांना शक्य नाही. नोकरी आहे, रजा मोजकी आहे, आईवडील थकलेले आहेत. म्हणून प्रश्न एवढाच उरतो की विमानाने जे दिवस वाचवले त्यांचे आपण काय करतो. सर्वसाधारण नेम असा दिसतो: सकाळी उतरायचे, विश्वनाथाच्या रांगेत उभे राहायचे, संध्याकाळी दशाश्वमेध घाटावरची आरती पाहायची, दुसऱ्या दिवशी परत. गेले कोठे, भेटले कोण, याला उत्तर नाही. खरे तर काशीने आलेल्या माणसासाठी वाटेची सोय स्वतःच करून ठेवली आहे. पंचक्रोशीची परिक्रमा सुमारे 25 कोसांची, म्हणजे 80 किलोमीटरच्या आसपास आहे आणि पाच मुक्कामांत ती पायी पुरी करायची रीत आहे. ज्ञानवापीवर संकल्प करायचा, मणिकर्णिकेवर स्नान करायचे आणि दक्षिणेला अस्सीपर्यंत जाऊन नदी सोडायची. मग काशी सतत उजव्या हाताला ठेवून चालायचे. पहिला मुक्काम कंदवा गावातल्या कर्दमेश्वराला, तळ्याकाठी, काशीत टिकून राहिलेल्या फार थोड्या जुन्या देवळांपैकी एकापाशी. पुढे भीमचंडी, मग वरुणेच्या काठचे रामेश्वर, मग शिवपूर, मग कपिलधारा. आणि शेवटी घाटांवरून जव टाकत पुन्हा मणिकर्णिका. या वाटेवर 108 देवस्थाने मोजतात, पण त्याहून जास्त आहेत ती शेते, विहिरी, शाळा सुटलेली मुले, धर्मशाळेचा ओटा झाडणारी माणसे.

या पाच दिवसांत जे होते ते विमानाच्या सव्वादोन तासांत होऊ शकत नाही, आणि त्याचा दोष विमानाला देण्याचे कारण नाही. जुनी वाट माणसाला न विचारता घडवत होती. ते काम आता त्याला स्वतःहून करावे लागेल. पूर्वी काशी लांब होती म्हणून यात्रा होत असे. आता काशी जवळ आली आहे, तेव्हा यात्रा करायची की नुसते जाऊन यायचे हे आपण ठरवायचे आहे. पंचक्रोशी चालणे ज्यांना जमणार नाही त्यांनी निदान एका गल्लीत रोज त्याच दुकानी चहा घ्यावा, ज्या नावाड्याने पार नेले त्याच्या घरची विचारपूस करावी, ज्याच्या धर्मशाळेत उतरलो त्याचे गाव कोणते ते विचारावे. संयोग जोडायला पाय लागतातच असे नाही, वेळ मात्र लागतो, आणि तो विमानाने आपल्या हाती आणून ठेवला आहे. तेव्हा काशीला विमानाने जरूर जा, आईवडिलांना घेऊन जा. तिकीट काढताना परतीची तारीख मात्र पाच दिवस पुढची घ्या.